भारताचा निळा राक्षस

जपानमधल्या बऱ्याच कन्व्हिनियन्स स्टोअर्सच्या फ्रीजमध्ये एक बीअरचा कॅन दिसतो, त्यावर एक निळा राक्षस असतो. बीअरचं नाव ‘इंदो नो आओओनी’. शब्दशः अर्थ, भारताचा निळा राक्षस. कॅन ३५० मिलिलिटरचा, अल्कोहोल ७ टक्के. जपानची नेहमीची बीअर ५ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे त्यांच्या हिशोबाने हा गडी चांगलाच तगडा आहे. कॅन उघडला की आधी पपनसाचा वास येतो, मग संत्र्याच्या सालीचा. त्या फळांच्या भरवशावर मोठा घोट घेतला की मागून येणारा कडूपणा थेट कारल्याच्या घरातला असतो.

ही बीअर बनवते नागानो प्रांतातली यो-हो ब्रुइंग नावाची कंपनी. डोंगरातलं थंड गाव, आसपास जागृत ज्वालामुखी, शहरी लोकांचे उन्हाळी बंगले. आपल्या भाषेत सांगायचं तर महाबळेश्वर. तिथल्या माणसांना आपल्या सगळ्यात कडू बीअरला भारताचं नाव द्यावंसं का वाटलं? हा प्रश्न मला पडला आणि मग मी वाचत गेलो. उत्तर वाटेत तीन देशांचे अबकारी कायदे फिरून आलं.

आधी राक्षसाचं बघू, कारण तोही आपल्याकडूनच गेलेला आहे. बौद्ध ग्रंथ चीनमार्गे जपानला पोचले तेव्हा त्यांच्यासोबत आपले राक्षस आणि यक्षही गेले. राक्षसाचा तिकडे ‘रासेत्सु’ झाला, यक्षाचा ‘याशा’. जपानी लोककथांमधल्या ‘ओनी’च्या घडणीत या पाहुण्यांचा वाटा आहे. ओनी बहुतेक वेळा लाल किंवा निळा असतो. हामादा हिरोसुके या लेखकाची १९३३ची एक बालकथा जपानमध्ये घरोघरी माहीत आहे. त्यात लाल ओनीला माणसांशी मैत्री करायची असते, पण लोक त्याला घाबरतात. मग त्याचा मित्र निळा ओनी मुद्दाम गावात जाऊन दंगा घालतो, लालकडून मार खातो, आणि लाल गावाचा लाडका झाल्यावर स्वतः कायमचा निघून जातो. त्यामुळे जपानी माणसाला निळा राक्षस म्हटलं की नुसता खलनायक आठवत नाही. मित्रासाठी वाईटपणा घेणाराही आठवतो.

आता ‘इंडिया’कडे. ही बीअर आयपीए या जातीची, म्हणजे इंडिया पेल एल. या नावामागची गोष्ट तुम्ही कुठल्या ना कुठल्या पबच्या मेन्यूकार्डवर वाचली असेल. इंग्लंडहून भारतात येताना साधी बीअर नासायची, मग हॉजसन नावाच्या हुशार माणसाने अल्कोहोल आणि हॉप्स वाढवून खास टिकाऊ बीअर शोधून काढली, वगैरे. गोष्ट छान आहे, पण पुराव्याला टिकत नाही. जॉर्ज हॉजसनने १७५२मध्ये लंडनच्या पूर्वेला बो इथे ब्रुअरी काढली हे खरं. पण त्याने काही नवीन शोधलं नव्हतं. गरम देशात पाठवायच्या बीअरमध्ये हॉप्स जास्त घाला, हा सल्ला इंग्लिश ब्रुअर्सना आधीपासून माहीत होता. पेल एलसोबत काळीकुट्ट पोर्टरही भारतात यायची, व्यवस्थित पोचायची, आणि गोऱ्या शिपायांच्या बराकींत तीच प्यायली जायची. हॉजसनचं खरं भांडवल म्हणजे त्याची जागा. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं जिथे लागत तो धक्का त्याच्या ब्रुअरीपासून जवळ होता, आणि तो जहाजांच्या कप्तानांना दीड वर्षाच्या उधारीवर माल देत असे. शोधापेक्षा उधारी मोठी, हे किराणा दुकान चालवणाऱ्या कुणालाही पटेल.

जहाज केप ऑफ गुड होपला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून चार-सहा महिन्यांनी मुंबईला किंवा कलकत्त्याला लागायचं. पिंपातली बीअर या प्रवासात मुरायची आणि उतरायची तेव्हा चांगली लागायची, हा योगायोग. १८२०च्या दशकात हॉजसनच्या वारसांनी उधारी बंद करून धंदा स्वतःच्या मुठीत ठेवायचा प्रयत्न केला. कंपनीचा एक संचालक कॅम्पबेल मार्जोरीबँक्स यामुळे वैतागला आणि त्याने बर्टन गावच्या सॅम्युएल ऑलसपला गाठलं. ऑलसपचं रशियातलं गिऱ्हाईक जकातीमुळे नुकतंच तुटलेलं होतं. पहिला नमुना त्याच्या माणसाने चहाच्या किटलीत बनवला अशी आख्यायिका आहे. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यात हॉप्सचा कडूपणा स्वच्छ आणि धारदार उतरतो. हॉजसन मागे पडला, ऑलसप आणि बास पुढे गेले.

या सगळ्या कहाणीत भारतीय माणूस कुठे आहे? एका जागी नक्की आहे. साहेबाच्या घरात ‘आबदार’ असायचा. आपल्याकडे पेशवाईतही आबदारखाना होता, शब्द तोच. बोस्टनहून बर्फाची जहाजं १८३०च्या दशकात येऊ लागली, त्याआधी हा आबदार सोरा मिसळलेल्या पाण्यात बाटल्या फिरवून फिरवून थंड करायचा. इंडिया पेल एलमधला ‘इंडिया’ म्हणजे धक्क्यावरचे हमाल, घरातला आबदार आणि बिल भरणारा महसूल. पिणारा त्यात नव्हता. मुंबईच्या इतिहासात मला आयपीए सापडते ती अशी, बाटलीच्या बाहेरच्या बाजूने.

हीच बीअर आणखी पूर्वेला गेली. जपानने दारं उघडल्यावर योकोहामाच्या परदेशी वस्तीत लाल त्रिकोणाची बास एल येऊ लागली. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकन नागरिक झालेल्या विल्यम कोपलंडने १८७०च्या सुमारास तिथेच ‘स्प्रिंग व्हॅली’ नावाची ब्रुअरी काढली. म्हणजे जपानने सुरुवातीला इंग्लिश चवच चाखली होती. पण मेइजी सरकारने सैन्य, वैद्यक आणि राज्यघटना यांसाठी जर्मनीकडे पाहिलं, आणि ग्लासही त्याच दिशेने कलला. नाकागावा सेइबेई नावाचा मुलगा १८६५मध्ये कायदा मोडून देशाबाहेर पळाला होता. तो पुढे जर्मनीत बीअर बनवायला शिकला आणि १८७६मध्ये साप्पोरोला सरकारी ब्रुअरीचा पहिला मास्टर झाला. त्यानंतर जपानी बीअर म्हणजे पिवळी, थंड, हलकी लागर. एल विस्मरणात गेली.

चव बदलली त्यात जर्मनीचा जितका हात होता, तितकाच करखात्याचाही होता, असं माझं मत आहे. चीनशी युद्ध संपलं होतं, रशियाशी होणार होतं, आणि तिजोरीला पैसा हवा होता. १८९९मध्ये जपान सरकारने घरी दारू गाळण्यावर सरसकट बंदी घातली. त्याआधी शेतकऱ्यांच्या घरी ‘दोबुरोकु’ बनायची. ही तांदळाची गढूळ, दुधाळ दारू, सणासुदीची, शेतावरच्या माणसांना द्यायची. बंदीमागे नीतीचा प्रश्न नव्हता, प्रश्न गल्ल्याचा होता. त्या सुमारास दारूवरचा कर जमीनमहसुलालाही मागे टाकून सरकारचं पहिल्या क्रमांकाचं उत्पन्न झाला, एकूण राष्ट्रीय कराच्या सुमारे एक तृतीयांश. (आपल्याकडे मुंबई इलाख्यात १८९२च्या मोहवा कायद्याने ठाणे-कुलाबा भागात मोहाची फुलं साठवण्यावरही बंधनं आली होती. साम्राज्यं वेगळी, खातं एकच.) १९०१मध्ये बीअरवरही कर बसला. छोट्या ब्रुअरी एकामागून एक बंद झाल्या, मोठ्यांनी एकमेकांत विलीन होऊन अजून मोठ्या झाल्या.

पुढची जवळजवळ ९० वर्षं मी भराभर उडवतो, कारण चवीच्या दृष्टीने त्यात फार काही घडत नाही. लायसन्सला वर्षाला किमान २,००० किलोलिटर उत्पादनाची अट होती. म्हणजे २० लाख लिटर. जपानची मोठी बाटली ६३३ मिलिलिटरची, त्या मापाने वर्षाला ३१ लाखांहून जास्त बाटल्या, रोजच्या साडेआठ हजारांवर. इतकी विकायची तयारी असेल तरच सुरू करा. अशा अटीत किरीन, असाही, साप्पोरो, सन्तोरी आणि ओकिनावाची ओरियन एवढीच नावं उरली. कायद्यात कुठेही ‘बीअर एकाच चवीची असावी’ असं लिहिलेलं नव्हतं. पण रोज साडेआठ हजार बाटल्या खपवायच्या म्हटल्यावर कारल्यासारखी बीअर कोण बनवेल? १९८७मध्ये असाहीची ‘सुपर ड्राय’ आली आणि तुफान चालली, तिचं कौतुक हेच की घोट गिळल्यावर मागे काही उरत नाही.

या काळातला एक माणूस मात्र मला उडवता येत नाही. माएदा तोशिहिको. नारिता विमानतळासाठी जमिनी घ्यायला शेतकऱ्यांनी विरोध केला, त्या आंदोलनात हा सानरिझुकाला येऊन राहिला. तिथे त्याने घरी दोबुरोकु बनवली. लपूनछपून नाही. १९८१मध्ये त्याने ‘चला दोबुरोकु बनवू या’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तक काढलं, आणि दारू चाखायला या म्हणून थेट राष्ट्रीय करखात्याच्या प्रमुखालाच आमंत्रण धाडलं. प्रमुख आले नाहीत, खटला आला. माएदाचं म्हणणं साधं होतं. स्वतःच्या तांदळाची, स्वतःच्या घरी, स्वतः प्यायला केलेली दारू हा सरकारचा विषय कसा? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १४ डिसेंबर १९८९ला निकाल आला : कराचं उत्पन्न सुरक्षित ठेवण्यासाठी घरगुती दारूवरही बंदी घालणं घटनाबाह्य नाही. माएदा हरला.

त्याच्या पराभवानंतर पाचच वर्षांत दार किलकिलं झालं, पण दुसऱ्याच बाजूने. १९९३मध्ये सांक्त गालेन नावाच्या कंपनीने टोकियोच्या रोप्पोंगी भागात १ टक्क्याहून कमी अल्कोहोलची बीअर बनवायला सुरुवात केली होती. कायद्याच्या लेखी १ टक्क्याखालची बीअर दारूच नव्हती, त्यामुळे लायसन्सचा प्रश्न नव्हता. खरी बीअर त्यांना अमेरिकेत जाऊन बनवावी लागत होती. हे हास्यास्पद आहे हे सगळ्यांना दिसत होतं. होसोकावा मोरिहिरो यांच्या आघाडी सरकारला नियम सैल करून दाखवायचेच होते. एप्रिल १९९४मध्ये अट २,००० किलोलिटरवरून ६० किलोलिटरवर आली. रोजच्या साडेआठ हजारांऐवजी २६० बाटल्या. बीअरसदृश ‘हाप्पोशु’चं लायसन्स घेतलं तर अट त्याच्याही दहाव्या हिश्शाची. ब्रायन आणि सायुरी बेअर्ड या जोडप्याने २०००मध्ये नुमाझु बंदरात टॅपरूम उघडून बीअर बनवायला घेतली तेव्हा त्यांचं भांडं ३० लिटरचं होतं. आपल्या लग्नातला वरणाचा टोप त्याहून मोठा असतो.

१९९४ हे साल बीअरवाल्यांसाठी चमत्कारिक आहे. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात ब्लाइंड पिग नावाच्या छोट्या ब्रुअरीत विनी सिलुर्झोने हॉप्स जवळपास दुप्पट टाकून डबल आयपीए बनवली. इंग्लंडमध्ये महायुद्धांच्या करांनी आयपीए पाणचट झाली होती. अमेरिकनांनी ती उचलली, आणि १९७२मध्ये आलेल्या कॅस्केड जातीच्या हॉप्सने तिला पपनसाचा वास दिला. हॉप्स म्हणजे एका वेलीच्या मादी फुलांचे शंकू. ही वेल भांगेच्या कुळातली, म्हणजे दूरची का होईना, आपली नातेवाईकच. आणि तिसरी गोष्ट : याच १९९४मध्ये ‘सोराची एस’ हा जपानी हॉप अमेरिकेला गेला. साप्पोरो कंपनीने होक्काइदोत तो तयार केला होता, १९८४मध्ये नोंदवलाही होता. त्याला लिंबाचा, शेपूचा, थोडा नारळाचा वास. पण ज्या देशात काहीच न उरणारी बीअर खपते तिथे शेपूच्या वासाचं काय करायचं? घरी पडून राहिलेला हा हॉप वॉशिंग्टन राज्यातल्या शेतात लागला, अमेरिकेच्या क्राफ्ट ब्रुअरींत गाजला, आणि मगच जपानला कळलं की आपल्याकडे काय होतं. २०१९मध्ये साप्पोरोनेच त्याच्या नावाची बीअर काढली, ‘सोराची १९८४’.

यो-होचा जन्म याच लाटेतला. तिचा संस्थापक होशिनो योशिहारु हा कारुइझावाच्या जुन्या हॉटेलवाल्या घराण्यातला, अमेरिकेत शिकायला गेला तिथे एल प्यायला. १९९७मध्ये त्यांची ‘योना योना’ एल बाजारात आली, अर्थ ‘दर रात्री’. तेव्हा या छोट्या ब्रुअरींच्या बीअरला ‘जि-बीरु’ म्हणत, म्हणजे स्थानिक बीअर. पाच वर्षांत अशा ब्रुअरी ३००च्या आसपास झाल्या, आणि बऱ्याच पर्यटकांच्या भरवशावर होत्या. गरम पाण्याचे झरे बघा, देऊळ बघा, जाताना गावची बीअर घ्या. महाग होती, बरीच बेताची होती, आणि एकदा घेतलेली कुणी दुसऱ्यांदा घेईना. १९९९नंतर फुगा फुटला. यो-हो सलग ८ वर्षं तोट्यात होती. दुकानदार नाव ऐकूनच मान हलवायचे.

तिला तारलं ते इंटरनेटने. इदे नाओयुकी हा सेल्समन, पुढे २००८मध्ये कंपनीचा अध्यक्ष झाला. २००४च्या सुमारास त्याने राकुतेन या ऑनलाइन बाजारातलं धूळ खात पडलेलं आपलं दुकान झाडलं आणि गिऱ्हाइकांना मेल लिहायला बसला. जाहिरातीची भाषा नाही, गप्पा, विनोद, बीअर कशी बनते ते. दुकानदाराला वगळून थेट पिणाऱ्याशी बोलल्यावर असं दिसलं की देशभर विखुरलेली बरीच माणसं कडू बीअर शोधत होती. एका गल्लीत असा एकच गिऱ्हाईक असतो, त्यामुळे त्याच्यासाठी कुठलंही दुकान माल ठेवत नव्हतं. निळ्या राक्षसासारखी बीअर टिकण्यामागे हे गणित आहे.

राक्षसापेक्षाही तगडी हवी असेल तर ओसाका प्रांतात मिनोला जा. धबधबा, माकडं, आणि मेपलच्या पानांची भजी यांसाठी प्रसिद्ध गाव. तिथल्या ओशिता मासाजी या दारूच्या दुकानदाराने १९९७मध्ये ब्रुअरी काढली आणि बनवायचं काम मुलींवर सोपवलं. थोरली काओरी पुढे ब्रुअरीची प्रमुख झाली. जपानच्या साके बनवणाऱ्या जुन्या कोठारांत बाईने पाऊल ठेवायचं नाही अशी रीत शतकानुशतकं होती, हे लक्षात घेतलं तर या साध्या वाक्याचं वजन कळतं. जुन्या घराण्यांच्या कोठारात तिला जे मिळालं नसतं, ते नवख्या धंद्यात मिळालं. त्यांची ‘डब्ल्यू-आयपीए’ ९ टक्क्यांची. जपानीत डब्ल्यू हे अक्षर ‘डबल’साठी वापरतात. ही मी दोनदा प्यायलो आहे. आधी पिकलेल्या फळांचा गोडवा, मग कडूपणा, मग पोटात ऊब. पहिल्या अर्ध्या ग्लासातच दुसरा मागवायचा विचार मागे पडतो. कडू असूनही खडबडीत नाही, आणि हेच अवघड आहे. हॉप्स ओतणं कुणालाही जमतं.

जपानमध्ये बीअरवरचा कर लिटरवर आहे, अल्कोहोलवर नाही. ९ टक्क्यांच्या डबल आयपीएला आणि ५ टक्क्यांच्या लागरला लिटरमागे सारखाच. कराच्या कोष्टकात तगड्या बीअरला शिक्षा नाही, हे एवढंच सुख करखात्याने तिला दिलं.

पुढे मोठ्या माशांचं लक्ष गेलंच. २०१४मध्ये किरीनने यो-होचा सुमारे एक तृतीयांश हिस्सा घेतला. जुन्या चाहत्यांपैकी काही चिडले. मी फार चिडू शकत नाही, कारण निळा राक्षस आडगावच्या स्टोअरच्या फ्रीजपर्यंत पोचायला मोठं बळ लागतंच. पण गंमत पुढे आहे. २०१५मध्ये किरीनने टोकियोत स्वतःची छोटी क्राफ्ट ब्रुअरी उघडली आणि तिला नाव दिलं ‘स्प्रिंग व्हॅली’. कोपलंडच्या ब्रुअरीचं. त्याच्या दिवाळखोरीनंतर त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या कंपनीतून किरीन जन्मली होती. कोपलंड १९०२मध्ये योकोहामात वारला, तिथल्याच परदेशी दफनभूमीत आहे.

आणि माएदाचा कायदा? तो आहे तिथेच आहे. काही ठरावीक ग्रामीण भागांत शेतकऱ्यांना दोबुरोकु बनवून विकायचं लायसन्स मिळू लागलं, पण घरी स्वतःपुरती बनवणं अजूनही गुन्हा. घरी बीअर बनवायचं किट मात्र जपानमध्ये उघड विकत मिळतं, माल्ट, यीस्ट, सगळं. सोबतच्या सूचनांमध्ये लिहिलेलं असतं की साखर आणि पाण्याचं प्रमाण असं ठेवा, की अल्कोहोल १ टक्क्याच्या आत राहील.